विमानाच्या ज्ञानेंद्रियांचे वैद्य

विमानतळावरील धंदा म्हटला कीं आमच्या सुशिक्षित घरांतून दोनच नांवें निघतात: एक वैमानिक आणि दुसरें हवाई सुंदरी. पहिल्याचा खर्च ऐकून वडील माणसें गप्प बसतात व दुसऱ्याचें नांव ऐकून आजीबाई. तेव्हां विषय तेथेंच संपतो. परंतु आमच्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे जुन्या औरंगाबादेंत, चिकलठाण्याच्या धांवपट्टीवर उतरून उभ्या राहिलेल्या विमानाकडे ज्यांनीं क्षणभर लक्ष देऊन पाहिलें असेल, त्यांस त्याच्या पोटाखालीं चमकतें जाकीट घालून व हातांत विजेरी घेऊन फिरणारा एखादा मनुष्य दिसला असेल. तो उडत नाहीं, प्रवाशांशीं बोलत नाहीं, आणि वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र कधीं येत नाहीं. तथापि दुरुस्तीनंतर विमानानें पुन्हा उडावें कीं नाहीं, हें अशाच मंडळींच्या सहीवर अवलंबून असतें. त्यांपैकीं विमानांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणारा जो वर्ग, त्याची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. बारावीनंतर मुलास या मार्गास लावावें काय, अशी पृच्छा परिचयांतील दोन-तीन कुटुंबांतून आमच्याकडे झाली, हेंहि त्यास निमित्त आहे.

या विद्येस ‘एव्हिऑनिक्स’ म्हणतात. ‘एव्हिएशन’ व ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या दोन शब्दांचा हा जोड व्याकरणदृष्ट्या ओबडधोबड असला तरी सोयीचा आहे. त्यास ‘वैमानिक-विद्युदणुविद्या’ असा प्रतिशब्द आम्ही सुचवूं शकूं. पण तो उच्चारून होण्यापूर्वीं विमान मुंबईस पोंचेल, म्हणून रूढ शब्दच बरा.

विमानाचे पंख व इंजिनें हीं त्याचीं कर्मेंद्रियें होत. तीं सर्वांस दिसतात. ज्ञानेंद्रियें मात्र सहसा दिसत नाहींत. विमानाच्या नाकाजवळ बोटाएवढी एक नळी बाहेर डोकावत असते. तिला पिटॉट नळी म्हणतात. हेन्री पिटॉट या फ्रेंच स्थापत्यज्ञानें १७३२ मध्यें सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठीं ही युक्ति काढली. तीच आज विमानास त्याचा वेग सांगते. समोरून येणारी हवा नळींत दाबली जाते. विमानाच्या अंगावर दुसरीकडे बारीक छिद्रें असतात, त्यांतून सभोंवारच्या शांत हवेचा दाब कळतो. या दोन दाबांतील अंतरावरून वेग व नुसत्या शांत दाबावरून उंची काढितात. संगणक, पडदे, स्वयंचलित चालक हा सारा पुढचा पसारा या फुंकरीएवढ्या हवेवर भिस्त ठेवून असतो.

ही छिद्रें बंद झाल्यास काय होतें, याचें उदाहरण भयंकर आहे. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्रीं पेरू देशांतील लिमा येथून एरोपेरू कंपनीचें एक बोइंग ७५७ विमान उडालें. उड्डाणापूर्वीं तें धुवून पुसून चकचकीत करण्यांत आलें होतें, व त्या वेळीं पाणी आंत जाऊं नये म्हणून शांत दाबाच्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढावयाची राहिली. लावणारानें काढली नाहीं, तपासणाराच्या लक्षांत आली नाहीं, आणि अंधारांत वैमानिकासहि दिसली नाहीं. विमान समुद्रावर गेलें. खालीं दिवा नाहीं, वर तारा नाहीं. उंची व वेग दाखविणारीं यंत्रें परस्परांशीं भांडूं लागलीं. वैमानिकांनीं जमिनीवरील नियंत्रकास आपली उंची विचारली. पण नियंत्रकाच्या पडद्यावरचा आंकडाहि विमानाच्याच यंत्रांतून निघालेला असल्यामुळें तोहि खोटाच होता! अखेर विमान पॅसिफिक महासागरांत कोसळून आंतील ७० च्या ७० माणसें मृत्यु पावलीं. एक वीतभर पट्टी काढली असती तर तीं सर्व सकाळीं चिली देशांत सुखरूप उतरलीं असतीं.

विमानाच्या कानांची गोष्ट याहून नाजूक आहे. धुक्यांत किंवा पावसांत धांवपट्टी दिसत नसतां तिच्या टोकाकडून रेडिओच्या लहरी सोडलेल्या असतात. डाव्या बाजूस एका कंपनसंख्येचा सूर जोरदार, उजव्या बाजूस दुसऱ्याचा. एक सेकंदास ९० कंपनांचा व दुसरा १५० चा. विमानांतील ग्राहकयंत्र दोहोंची तुलना करितें, आणि दोन्ही सारखे ऐकूं आले म्हणजे विमान बरोबर मध्यरेषेवर आहे असें समजतें. उतरण्याच्या उताराचीहि अशीच योजना असून तो उतार सामान्यतः ३ अंशांचा असतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळविणारास ही युक्ति सांगावयास नकोच. दुसरें एक यंत्र ‘ट्रान्सपाँडर’ नांवाचें. जमिनीवरून विचारणा झाली कीं तें आपला क्रमांक व उंची आपण होऊन सांगतें. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत सौदी व कझाकिस्तानी अशीं दोन विमानें समोरासमोर आदळून ३४९ माणसें गेलीं. त्यानंतर हिंदुस्थानच्या आकाशांत येणाऱ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळण्याची सूचना देणारें यंत्र असावें असा दंडक सरकारनें घातला. तें यंत्र याच ट्रान्सपाँडरच्या प्रश्नोत्तरांवर चालतें. म्हणजे एकाचें यंत्र मुकें असलें तर दुसऱ्याचें यंत्र कितीहि चांगलें असून काय उपयोग?

आतां स्मरणशक्ति. ज्यास लोक ‘काळी पेटी’ म्हणतात ती रंगानें भडक नारिंगी असते. अवशेषांत चटकन् दिसावी म्हणून. तिची कल्पना १९५० नंतरच्या दशकांत डेव्हिड वॉरन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानें पुढें मांडली. त्याचे वडील १९३४ मध्यें विमान-अपघातांतच वारले होते. एका पेटींत वैमानिकांचें बोलणें व दुसरींत वेग, उंची, नाकाचा कोन, इंजिनांची शक्ति इत्यादि शेंकडो गोष्टींची क्षणाक्षणाची नोंद राहते. ही दुसरी पेटी निदान २५ तासांची हकीकत सांभाळते व सुमारें ११०० अंश सेल्सियसची आग तासभर सोसते.

या शहरास अपघाताची चौकशी म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. २६ एप्रिल १९९३ रोजीं दुपारीं इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ जातीचें, ४९१ क्रमांकाचें विमान चिकलठाण्याहून मुंबईस निघालें. धांवपट्टीच्या अगदीं शेवटीं तें उचललें गेलें. पलीकडच्या बीड रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गांठी भरलेला ट्रक चालला होता, त्यास विमानाचें डावें चाक लागलें. पुढें सुमारें तीन किलोमीटरांवर विजेच्या तारांत अडकून तें कोसळलें. ११८ पैकीं ५५ माणसें प्राणास मुकलीं. नाक उचलण्यास झालेला उशीर व त्यांतील चुकीची पद्धति हें एक कारण, आणि उड्डाणाच्या वेळीं त्या रस्त्यावरील रहदारी न थांबविणें हें दुसरें, असा चौकशीचा निर्णय झाला. येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, नाक कोणत्या क्षणीं, कोणत्या वेगास व किती अंशांनीं उचललें, हें मनुष्याच्या स्मरणावर सोडून चालत नाहीं. जो वांचला तो भेदरलेला असतो, आणि जो गेला तो सांगावयास येत नाहीं. असल्या चौकशींत खरा साक्षीदार ती पेटी. आणि तिच्याकडे जाणाऱ्या तारा शाबूत आहेत, प्रत्येक मापक खरें तेंच सांगत आहे, हें पूर्वींच कधीं तरी कोणा तंत्रज्ञानें पाहिलेलें असावें लागतें. गंमत अशी कीं, त्यानें तें पाहिलें नसतें तरी विमान रोज बिनबोभाट उडालेंच असतें! नोंद होत नाहीं म्हणून इंजिन बंद पडत नाहीं. कामांत कुचराई झाली तर ती वर्षानुवर्षें कोणास कळूं नये, आणि कळावी ती नेमकी सर्वांत वाईट दिवशीं, असे व्यवसाय जगांत थोडे आहेत. त्यांतील हा एक आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईकडे या कामावर आहे. दिवाळींत तो भेटावयास आला तेव्हां आम्हीं त्यास विचारिलें, “अरे, यंत्र बिघडलें कीं पेटी काढावयाची व नवी बसवावयाची, एवढेंच ना तुमचें काम?”

तो हंसून म्हणाला, “सर, पेटी बदलणें वीस मिनिटांचें. बिघाड पेटींत आहे कीं तिच्याकडे येणाऱ्या तारेंत, हें ठरवितांना रात्र जाते.”

पुढें त्यानें जें सांगितलें तें आम्हांस फार मनोरंजक वाटलें. वैमानिक तक्रार लिहितो कीं अमुक यंत्र हवेंत मध्येंच बंद पडलें. पेटी काढून कारखान्यांत तपासावी तों ती उत्तम चालते! वैद्याच्या दारीं पोंचतांच पोट दुखावयाचें थांबावें, तसाच हा प्रकार. अशा वेळीं कागदावर ‘दोष आढळला नाहीं’ असा शेरा पडतो, पेटी परत बसते, आणि आठ दिवसांनीं तीच तक्रार पुन्हा येते. खरें कारण बहुधा क्षुद्र असतें: जोडणींतील एखादी टांचणी अर्धा दोरा मागें सरकलेली असते, कोठें तरी दमटपणा शिरलेला असतो, किंवा पकडीखालीं घांसून तारेचें वेष्टन विरलेलें असतें, वरच्या थंडींत व कंपांत तेवढाच संबंध तुटतो व खालीं उन्हांत पुन्हा जुळतो. एअरबस ए-३८० सारख्या थोर विमानांत सुमारें ५०० किलोमीटर तार असते, म्हणजे येथून निघाली तर नागपुरापर्यंत पोंचावी. प्रत्येक तारेवर तिचा क्रमांक छापलेला असतो व नकाशावरून बोट फिरवीत तिचा माग काढावयाचा असतो.

दुसरी अडचण आमच्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत राहणारांस लगेच समजेल. टेरिलिनचा सदरा काढतांना जी चटचट वीज होते, तिचा चटका जाणवण्यास सुमारें तीन हजार व्होल्ट लागतात. उलट या पेट्यांतील कित्येक सूक्ष्म भाग शंभर व्होल्टच्या आंतच जायबंदी होतात. म्हणजे हातास कळणारहि नाहीं इतक्या स्पर्शानें हजारों रुपयांचें यंत्र आजारी पडूं शकतें. म्हणून मनगटास जमिनीशीं जोडलेला पट्टा बांधल्यावांचून पेटी उघडावयाची नाहीं असा नियम आहे. आमचा विद्यार्थी यास ‘आमचें सोंवळें’ म्हणाला. दाखला त्याचा आहे, आमचा नव्हे.

आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळें त्यानें सांगितलेली आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष भावली. विमानाचीं दुरुस्ती-पुस्तकें इंग्रजींत असतात. पण तें इंग्रजी शेक्सपिअरचें नव्हे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशा कारागिरांचा घोटाळा होऊं नये म्हणून युरोपांतील विमान-उद्योगानें १९८० नंतरच्या दशकांत एक नियमबद्ध इंग्रजी सिद्ध केलें. त्यांत सुमारें ९०० सामान्य शब्द मान्य केलेले असून शक्य तों एका शब्दास एकच अर्थ ठेविला आहे. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणें एवढेंच; सूचना ‘पाळणें’ यासाठीं दुसरा शब्द घ्यावयाचा. या बंधनाचें महत्त्व मराठींत पाहावयाचें तर ‘लावणें’ हें क्रियापद घ्यावें. आपण दार लावतों तेव्हां तें बंद होतें, आणि दिवा लावतों तेव्हां तो चालू होतो. आतां रात्रीं तीन वाजतां, पेंगुळल्या डोळ्यांनीं, ‘झडप लावावी’ असें वाक्य वाचणारानें काय करावें? अल्प अक्षरांत असंदिग्ध अर्थ सांगण्याची कला पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत दाखविली. विमानाच्या पुस्तककारांस अक्षरें वांचविण्याची हौस नाहीं, पण असंदिग्धतेची तळमळ तीच आहे. ज्या मुलास पुस्तकांतील वाक्य जसेंच्या तसें वाचण्याचा कंटाळा येतो व ‘मला ठाऊक आहे’ म्हणून जो पुढें धांवतो, त्यानें या वाटेस जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ओघानें आलें म्हणून सांगतों. आम्ही संस्कृत जाणतों असें कळलें कीं लोक ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाविषयीं हटकून विचारितात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ मध्यें त्याची चिकित्सा करून, ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभींचा असून त्यांतील विमानें उडण्यास असमर्थ आहेत, असा निर्वाळा दिला आहे. त्याची भाषा वाचतां आम्हांसहि तो प्राचीन वाटत नाहीं. पूर्वजांविषयींचा आदर दाखविण्यास पाणिनि पुरेसा आहे.

हें काम आतां तारा व टांचण्यांपुरतें राहिलेलें नाहीं. ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं अमेरिकेंतील जेटब्लू कंपनीचें एअरबस ए-३२० विमान मेक्सिकोहून जात असतां वैमानिकानें कांहीं न करितां एकाएकीं खालीं झेपावलें व कांहीं प्रवासी जखमी झाले. पुढें २८ नोव्हेंबर रोजीं एअरबस कंपनीनें जाहीर केलें कीं, सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गानें सुकाणू चालविणाऱ्या संगणकांतील आंकडे बिघडूं शकतात. जगांतील सुमारें सहा हजार विमानांच्या संगणकांत तातडीनें फेरफार करणें प्राप्त झालें. त्यांतील तीनशेंहून अधिक विमानें आपल्या देशांतील होतीं. याच जातीचीं विमानें चिकलठाण्यासहि उतरतात. बहुतेकांत जुनी आज्ञावली परत भरावयाची होती, व तें काम दोन-तीन तासांचें होतें. कांहींत यंत्रच बदलणें आवश्यक होतें. प्रवासी विमानतळावर खोळंबून चरफडत असतां हे तंत्रज्ञ रात्रभर एकेका विमानांत आज्ञावली भरून, ती नीट बसल्याची खात्री करून, सह्या करीत होते. सूर्याच्या प्रकोपावर उतारा करणारे हे आधुनिक मांत्रिक म्हणावेत काय? पण त्यांचा मंत्र तपासून पाहतां येतो, हा मोठा भेद आहे.

आतां शिक्षणाविषयीं. बारावीस भौतिक, रसायन व गणित हे विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास, किंवा अभियांत्रिकी पदविकाधारकास, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें मान्य केलेल्या संस्थेंत प्रवेश घेतां येतो. परवान्याचे मुख्य प्रकार दोन: इंजिन व सांगाडा यांसाठीं ‘बी-१’, आणि एव्हिऑनिक्ससाठीं ‘बी-२’. शिक्षण २४०० तासांचें असून त्यांत वीजशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकीय तंत्रें, हवेचें गतिशास्त्र व विमानविषयक कायदा हे विषय येतात. सामान्यतः दोन वर्षें संस्थेंत व दोन वर्षें चालत्या विमानांवर प्रत्यक्ष अनुभवांत जातात. महासंचालनालयाच्या परीक्षेंत उत्तीर्ण होण्यास शेंकडा ७५ गुण लागतात. ज्या शाळेंत आमचें आयुष्य गेलें तेथें ३५ गुणांवर पेढे वांटले जात. येथें ७४ मिळविणारा नापास होतो! आणि तें योग्यच आहे. विमानाचा एकचतुर्थांश भाग न समजलेल्या मनुष्यास देखील जपूनच हात लावूं द्यावा. परवाना मिळाल्यावरहि प्रत्येक जातीच्या विमानाचें वेगळें शिक्षण घ्यावें लागतें. परवान्याची मुदत पांच वर्षांची असते, आणि मागल्या दोन वर्षांत निदान सहा महिने काम केलेलें नसेल तर सहीचा अधिकार चालत नाहीं. परवाना नसलेला तंत्रज्ञ काम करूं शकतो, पण ‘विमान सेवेस योग्य’ असा अखेरचा दाखला परवानेदारच देतो.

अभ्यासांतील एक विषय मनुष्यस्वभावाचा आहे, हें वाचून वाचकांस नवल वाटेल. गॉर्डन ड्युपाँट या कॅनडांतील तज्ज्ञानें १९९३ च्या सुमारास कारागिराकडून चुका घडविणाऱ्या बारा गोष्टी सांगितल्या. त्या आज जगभर शिकवितात. आपल्याकडे षड्रिपु, तिकडे द्वादश. थकवा, घाई, विचलित चित्त, ज्ञानाची उणीव हे त्यांत आहेतच. पण ‘रोजचेंच आहे, चालेल’ ही वृत्ति आणि वरिष्ठापुढें तोंड न उघडण्याची भीड हींहि त्यांत आहेत. हे शेवटले दोन आमच्या एकत्र कुटुंबांत फार लाडके आहेत. ज्यास घरांत ‘मोठ्यांपुढें बोलूं नये’ एवढेंच शिकविलें, तो मुलगा विमानाच्या पोटाखालीं उभा राहून, शंभर प्रवासी खोळंबले असतां व व्यवस्थापक घड्याळ दाखवीत असतां, “मी अजून तपासलें नाहीं, सही करणार नाहीं,” असें कोणत्या तोंडानें म्हणेल? आमच्या विद्यार्थ्यास तसें दोनदां म्हणावें लागलें. पहिल्यांदां हात कांपत होते, असें त्यानें सांगितलें. दोष होता कीं नव्हता, असें आम्हीं विचारिलें. तो म्हणाला, “एकदां होता, सर. एकदां नव्हता. पण न तपासतां तें मला कसें कळणार?”

कित्येक घरांत ‘एवढा शिकून पोरानें हातांत पकड घ्यावी काय’ असा आक्षेप येतो. शस्त्रवैद्याच्या हातांतहि चिमटाच असतो, याहून अधिक उत्तर त्यास देण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. मुलींच्या बाबतींत रात्रपाळीची शंका येते. विमानें दिवसा उडतात म्हणून दुरुस्ती पुष्कळशी रात्रींच होते, हें खरें आहे. परंतु ज्या घरांतील मुली डॉक्टर होऊन रुग्णालयांत रात्री काढितात, त्या घरांनीं येथें अडून बसावें हें चमत्कारिक दिसतें.

नोकरीसाठीं फार दूर जावें लागतेंच असें नाहीं. मुंबईखेरीज नागपुरास मिहानमध्यें मोठ्या प्रवासी विमानांचा दुरुस्ती-कारखाना आहे. नाशिकजवळ ओझर येथें १९६४ पासून हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना असून तेथें मिग व नंतर सुखोई विमानें बांधलीं गेलीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथील पहिलें तेजस मार्क १ए विमान आकाशांत उडालें. ज्यांस एवढा काळ व पैसा लावणें शक्य नाहीं, त्यांच्या मुलांनीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम करून ओझरसारख्या ठिकाणीं उमेदवारी पत्करावी. आमच्या शहरांत उस्मानपुऱ्याचें शासकीय तंत्रनिकेतन व विद्यापीठाच्या आवारांतील इलेक्ट्रॉनिक्सची केंद्रीय संस्था यांतूनहि पाया चांगला घालतां येतो.

पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी अवश्य पाहाव्या. संस्थेस महासंचालनालयाची मान्यता आहे काय, आणि ती ‘बी-२’ साठींच आहे काय; कारण नुसतें ‘मान्यताप्राप्त’ हें पाटीवरील अक्षर पुष्कळ गोष्टी झांकतें. मान्य संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येते. दुसरें, प्रत्यक्ष काम चालत्या विमानावर कोठें मिळणार तें लेखी घ्यावें. आवारांत उभ्या केलेल्या जुन्या सांगाड्याचें छायाचित्र पाहून भुलूं नये. तिसरें, मुलाचे डोळे तपासून घ्यावे. तारांचे रंग ओळखावे लागतात, आणि रंगांधळेपणा घरांत कोणास ठाऊकहि नसतो. तो चार वर्षांची फी भरल्यावर कळण्यापेक्षां आधींच कळलेला बरा.